इंधननळ्यांची तपासणी : सल्ला की सक्ती?

नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले, २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमाने सुटू लागली, आणि सीवूड्स, नेरूळ, बेलापूर, उलवे या टापूतील बोलण्याचे विषयच पालटले. जागांचे भाव, उरणच्या लोकलची गर्दी, पाम बीच मार्गावरील वाहनांची रांग, सीवूड्सच्या तळ्यात उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांचा विमानांना धोका की विमानांचाच त्यांना, या सर्वांचा खल घरोघरी चालू आहे. मात्र, विमानाला आग लागू नये म्हणून त्याच्या इंधननळ्या कोण तपासतो, किती दिवसांनी तपासतो आणि कोणाच्या हुकमाने तपासतो, हा प्रश्न या चर्चेत कोठे ऐकू येत नाही. यात नवल काही नाही. पक्षी डोळ्यांना दिसतो. नळी पत्र्याआड असते.

विमानाचे इंधन म्हणजे शुद्ध केलेले रॉकेलच. ते बहुतांशी पंखांतील टाक्यांत असते आणि तेथून इंजिनाच्या आधारखांबातून नळ्यांनी इंजिनापर्यंत जाते. टाकीतील पंप ते पुढे ढकलतात आणि इंजिनावरील पंप त्याचा दाब कितीतरी पटींनी वाढवितो. अशा दाबाच्या नळीला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले तर इंधन थेंबाथेंबाने गळत नाही, त्याचे धुके होते. आणि थाळीतील रॉकेलला काडी लावणे व रॉकेलच्या धुक्याला तापलेल्या धातूचा स्पर्श होणे यांतील फरक पंप मारावयाचा स्टोव्ह वापरलेल्या पिढीला सांगावयास नको. इंजिनाचे कवच तर तापलेलेच असते. शेजारून विजेच्या तारा आणि सुकाणू फिरविणाऱ्या द्रवाच्या नळ्या गेलेल्या असतात. हा सारा पसारा उड्डाणाच्या प्रत्येक क्षणी थरथरत असतो. एखादा क्लॅम्प सैल झाला, दोन नळ्यांमधील बोटभर अंतर केसाएवढे झाले, जोडावरील रबरी कडी सुकली किंवा पेच फिरू नये म्हणून बांधावयाची तार बांधावयाची राहिली, म्हणजे पुढचे काम ही थरथरच करते.

इंधननळी तुटल्यावर काय होते ते मुंबईने १९७६ साली पाहिले आहे. त्या वर्षीच्या १२ ऑक्टोबरला मध्यरात्रीनंतर इंडियन एअरलाइन्सचे मद्रासकडे निघालेले कॅराव्हेल विमान सांताक्रूझहून उडाले. नेमून दिलेले बोइंग ७३७ नादुरुस्त झाल्याने ते ऐन वेळी लावण्यात आले होते. उड्डाणानंतर थोड्याच वेळात त्याच्या उजव्या इंजिनातील कॉम्प्रेसरची दहाव्या टप्प्याची चकती धातूच्या थकव्याने गेलेल्या तड्यामुळे फुटली. तिच्या तुकड्यांनी इंधनाची नळी कापली आणि आग भडकली. वैमानिकाने विमान परत फिरविले. धावपट्टी समोर होती. परंतु आगीने सुकाणूंचा द्रव नाहीसा केला आणि शेवटच्या काहीशे फुटांत विमान हाताबाहेर गेले. ८९ प्रवासी आणि ६ कर्मचारी, एकूण ९५ जणांपैकी कोणीही वाचले नाही. मूळ दोष नळीचा नव्हता, चकतीचा होता, हे खरे. तथापि एक इंजिन बंद पडूनही जे विमान उतरू शकले असते, ते तुटलेल्या नळीतून लागलेल्या आगीने उतरू दिले नाही. त्या उड्डाणाचा क्रमांक १७१ होता. पुढे अहमदाबादेस कोसळलेल्या विमानाचाही क्रमांक तोच निघाला. आकड्यांत अर्थ शोधणाऱ्यांना हा योगायोग लखलाभ असो; आपल्याला या दोन अपघातांतील दुसराच धागा पाहावयाचा आहे.

विमानात एखादा दोष असल्याचे कळल्यावर तो दूर करण्यासाठी निघणारे कागद एकाच वजनाचे नसतात. कारखानदार ‘सर्व्हिस बुलेटिन’ काढतो. ते बव्हंशी शिफारशीच्या स्वरूपाचे असते. नियामक संस्था कधी माहितीपत्रक काढते. त्यात तपासणी ‘करावी’ असे असते, ‘केलीच पाहिजे’ असे नसते. तिसरा कागद म्हणजे उड्डाणयोग्यता आदेश. विमान ज्या देशात घडले तेथील नियामकाने तो काढला की आपल्याकडील नागरी विमान वाहतूक महासंचालनालयही तो बंधनकारक मानते, आणि मुदतीत त्याचे पालन न झालेल्या विमानाला उडण्याचा अधिकार उरत नाही. बोइंग ७८७ जातीच्या नव्याकोऱ्या विमानांत इंजिनाच्या आधारखांबातील इंधननळ्यांचे जोड चुकीचे बसविल्याने गळती आढळली, तेव्हा अमेरिकेच्या नियामकाने डिसेंबर २०१२ मध्ये असाच आदेश काढून दिवसांत मोजण्याजोगी मुदत दिली. इंधन संपणे, इंजिन बंद पडणे किंवा आग लागणे यांपैकी काहीही होऊ शकेल, हे कारण त्यात नमूद होते. एअर इंडियाकडे या जातीचे पहिले विमान येऊन त्या वेळी जेमतेम तीन महिने झाले होते. गळती दिसली, आदेश निघाला, जोड तपासले गेले, माणसे दगावली नाहीत. यंत्रणा चालते तेव्हा ती अशी चालते, आणि म्हणूनच ती गोष्ट कोणाच्या स्मरणात राहत नाही.

शिफारशीचा कागद हाताशी नसला तर काय घडते, याचा धडा २००१ सालचा आहे आणि तो इंधननळीचाच आहे. कॅनडातील एअर ट्रान्सॅट कंपनीच्या एअरबस ए३३० विमानाचे उजवे इंजिन त्या ऑगस्टमध्ये बदलण्यात आले. आलेले बदली इंजिन जुन्या घडणीचे होते आणि विमानावरील काही सुटे भाग नव्या घडणीचे. जुनी इंधननळी आणि सुकाणूच्या द्रवाची नवी नळी यांचे जमेना. हा घोटाळा ज्या सर्व्हिस बुलेटिनने उलगडला असता, ते संगणकावर उघडण्याचा प्रयत्न कारागिराने केला. ते उघडले नाही. विमान लवकर सोडावयाचे होते. नळी हाताने दाबून दोहोंत अंतर राखले, क्लॅम्प आवळला आणि काम उरकले. दाब येताच नळी मूळ जागी सरकली आणि इंधननळीवर घासू लागली. आठवडाभराने, २४ ऑगस्टला, टोरांटोहून लिस्बनला निघालेल्या या विमानाची इंधननळी अटलांटिक महासागरावर फाटली. गळतीची कल्पना न आल्याने वैमानिकांनी दुसऱ्या बाजूचे इंधनही त्याच गळक्या इंजिनाकडे वळविले आणि अखेर दोन्ही इंजिने बंद पडली. सुमारे एकोणीस मिनिटे ते विमान घारीसारखे तरंगत आले आणि अझोर्स बेटांवरील लाजेस येथे उतरले. ३०६ जण वाचले. आग लागली नाही हे सुदैव, आणि वैमानिकांनी शेवटी दाखविलेले कसब असामान्य. मात्र त्याआधी ज्या हाताने क्लॅम्प आवळला, तो हात काही अडाण्याचा नव्हता. कोठेतरी खटकते आहे हे त्याला कळले होते. कागद मिळेपर्यंत विमान अडवून धरण्याचे बळ त्याच्या पाठीशी नव्हते.

आता अहमदाबादकडे वळू. १२ जून २०२५ रोजी एअर इंडियाचे लंडनला निघालेले बोइंग ७८७ उड्डाण करताच कोसळले. विमानातील २४१ आणि जमिनीवरील १९, असे २६० बळी गेले. महिनाभराने प्रसिद्ध झालेल्या प्राथमिक अहवालानुसार दोन्ही इंजिनांचे इंधन चालू-बंद करणारे खटके सुमारे एका सेकंदाच्या अंतराने ‘बंद’ स्थितीत गेले होते. हे खटके म्हणजे इंधनवाहिनीची तोटीच. त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. खटका चुकून सरकू नये म्हणून असलेली अडसराची रचना काही बोइंग ७३७ विमानांत निकामी स्थितीत आढळल्याने, ती तपासून पाहावी असे माहितीपत्रक अमेरिकेच्या नियामकाने १७ डिसेंबर २०१८ रोजी काढले होते. तीत ७८७ सह अन्य जातींचाही उल्लेख होता. ते सल्ल्याच्या स्वरूपाचे होते, बंधनकारक नव्हते. म्हणून ती तपासणी केली नाही, असे एअर इंडियाने सांगितले.

या नोंदीवरून अडसरामुळेच अपघात झाला असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. अहवालाने तसे म्हटलेले नाही. जुलैत महासंचालनालयाने आठवड्याभराची मुदत देऊन देशातील विमानांचे खटके तपासावयास लावले, तेव्हा आपल्या विमानांत दोष आढळला नाही असे एअर इंडियाने कळविले. पण नेमके हेच ध्यानात घ्यावयाचे आहे. साडेसहा वर्षे जी तपासणी ऐच्छिक राहिली, ती आठवड्यात पुरी होण्याजोगी होती. ती न करण्यामागे अवघडपणा नव्हता, मोठा खर्चही नव्हता. ‘सल्ला’ हा एकच शब्द होता. कंपनीने नियम मोडला नाही, अमेरिकेच्या नियामकाला तो धोका आदेश काढण्याइतका वाटला नाही, आणि आपल्या महासंचालनालयाने त्यावर स्वतः विचार करून काही ठरविले असल्याचे जनतेला कधी कळले नाही.

विमान कंपन्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. दरवर्षी अशा पत्रकांचा ढीग पडतो, सगळीच सक्तीची केली तर विमाने जमिनीवरच राहतील, आणि विनाकारण उघडलेला प्रत्येक जोड पुन्हा चुकीचा बसण्याचा धोका असतोच, असे ते सांगतात. अझोर्सची कथा त्यांच्याच बाजूने साक्ष देते. तेथील बिघाड दुरुस्तीतूनच उपजला होता. तेव्हा सरसकट सक्तीची मागणी पोरकट ठरेल. सल्ला डावलावयाचा असेल तर तो कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणास्तव डावलला याची लेखी नोंद व्हावी, आणि ती नोंद कंपनीच्या कपाटात न राहता महासंचालनालयाकडे जावी, एवढी अपेक्षा मात्र पोरकट नाही. आपल्या शाळेत एका विद्यार्थ्याचा जन्मदिनांक बदलावयाचा तर मुख्याध्यापकाला कारण लिहावे लागते.

सक्ती केली म्हणजे काम झाले असेही नाही. घरच्या गॅसची रबरी नळी तपासल्याच्या कागदावर, शेगडीकडे कोणी ढुंकून न पाहता, सही केल्याचा अनुभव कित्येकांना असेल. विमानाच्या बाबतीत असे होत नसावे असा आपला भाबडा विश्वास. मार्च २०२५ मध्ये महासंचालनालयाने एअर इंडिया एक्स्प्रेसला खडसावले, ते एका एअरबस ए३२० विमानाच्या इंजिनाचे भाग युरोपीय नियामकाच्या आदेशानुसार वेळेत न बदलल्याबद्दल आणि ते बदलल्याचे भासावे अशा रीतीने नोंदींत फेरफार केल्याबद्दल. नोंदी एका संगणकप्रणालीतून दुसरीत नेताना तारीख नजरेतून सुटली, पुढे भाग बदलले, संबंधितांवर कारवाई केली, असे कंपनीचे स्पष्टीकरण आहे. आदेश बंधनकारक होता, तरीही हे घडले. कचेरीत आयुष्य घालविलेल्या कोणत्याही लिपिकाला ‘पूर्तता केली’ या शेऱ्याची किंमत ठाऊक असते. ती शेरा मारणाऱ्याच्या नव्हे, तर उद्या येऊन पडताळणाऱ्याच्या भीतीवर ठरते.

आणि तो पडताळणारा आहे कोठे? संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०२५ च्या अहवालात दाखवून दिले की, महासंचालनालयाच्या १,०६३ मंजूर पदांपैकी ५५३ च भरलेली होती. जवळजवळ निम्म्या खुर्च्या रिकाम्या. अशा संस्थेपुढे सक्तीचे काय होते ते त्याच वर्षीच्या डिसेंबरात दिसले. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पुरे लागू होऊन महिना झाला होता, त्यांची कल्पना फार आधीपासून होती. इंडिगोची तयारी अपुरी पडली, हजारो उड्डाणे रद्द झाली, विमानतळांवर लोक रात्र रात्र तिष्ठले, आणि ५ डिसेंबरला रात्रपाळीच्या नियमांतून त्या कंपनीला १० फेब्रुवारीपर्यंत सूट देण्यात आली. प्रवाशांचे हाल पाहता त्या क्षणी दुसरा उपाय नव्हता, असे सरकार म्हणेल. असेलही. पण जी कंपनी एवढी मोठी आहे की तिच्यासाठी सक्तीचा नियम चार दिवसांत वाकतो, तिचे विमान रात्री दोन वाजता एका क्लॅम्पसाठी अडवून धरण्याचे धैर्य कोणता अभियंता दाखवील?

नवी मुंबईच्या विमानतळाचा पहिला टप्पा वर्षाला दोन कोटी प्रवाशांसाठी बांधला आहे. येथे वस्तीला येणारी विमाने रात्री तपासली जातील, आणि मुंबई विभागातील महासंचालनालयाच्या कचेरीवर सांताक्रूझखेरीज हा भारही पडेल. स्थानिक खासदारांनी विमानतळाच्या नावावर जेवढे बळ खर्च केले, त्याचा काही अंश तरी एका लेखी प्रश्नावर खर्च करावा. २०१८ पासून आलेल्या किती सल्लापत्रकांवर महासंचालनालयाने स्वतःचा निर्णय नोंदविला, त्यांपैकी इंधनवाहिन्या व आग यांसंबंधीची किती, आणि नव्या विमानतळावर पूर्वसूचना न देता रात्रीची पाहणी करणारे निरीक्षक किती नेमले, एवढाच तो प्रश्न असावा. उत्तर आकड्यांत मागावे.