सशांची जोडी विकत मिळत नाही

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की मुलं सशासाठी हट्ट धरतात. दुकानात गेलं की सल्ला मिळतो, ‘‘जोडीच न्या नं ताई, एकट्याले करमत नाही.’’ सल्ला अर्धा खरा आहे. सशाला सोबत लागतेच. पण दोन अनोळखी ससे एका पिंजऱ्यात कोंबले म्हणून त्यांची जोडी होत नाही. आधी नसबंदी, मग सावकाश ओळख, हा क्रम पाळावाच लागतो. तो विकताना कोणी सांगत नाही, आणि त्याचे भोग मुक्या जिवांच्या वाट्याला येतात.

आपल्या ओळखीचा ससा शिवारातला. नागपूरच्या गोरेवाड्याकडे किंवा विदर्भातल्या कुठल्याही धुऱ्यावर दिसणारा हा रानससा बहुधा एकटाच हिंडतो, बीळ खणत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो पाळायलाही बंदी आहे. पाळीव ससा ही निराळी जात. त्याचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, जमिनीखाली बिळं खणून गटानं राहणारे. गट आला की मानपान आला, हद्दही आली. हनुवटीखालच्या ग्रंथीचा गंध वस्तूंना घासून ससा आपली हद्द आखतो. त्या हद्दीत नवखा एकदम सोडला की पाठलाग, केस उपटणं आणि चावे सुरू होतात. वयात आलेले दोन नर तर एकमेकांना गंभीर जखमी करतात.

नर-मादी आणली तर संकट दुसरं. चार-सहा महिन्यांत ससे वयात येतात. मादी तीस ते बत्तीस दिवसांत विते आणि व्याल्याबरोबर पुन्हा गाभण राहू शकते. पाहता पाहता बाल्कनी भरते. मग कोणीतरी ‘मोकळं सोडतो’ म्हणत पिल्लं बागेत नेऊन टाकतो. पिंजऱ्यात वाढलेला पांढरा ससा तिथं कुत्र्या-मांजरांच्या तोंडी जातो. याला मी क्रूरपणाच म्हणते.

नागपुरातल्या प्रतापनगरच्या आमच्या घरी कापशी ही मादी आधीपासून होती. बदली झालेल्या एका कुटुंबाकडून भुऱ्या हा नर आला. दोघांची नसबंदी करून घेतली. नसबंदीनंतरही चार ते सहा आठवडे नरापासून गर्भ राहू शकतो, म्हणून तोवर त्यांना वेगळंच ठेवलं. पिंजरे शेजारी, पण जाळीतून नाकाला चावा घेता येणार नाही इतक्या अंतरावर. अंथरलेले टॉवेल अधूनमधून अदलून-बदलून टाकायचे, म्हणजे एकमेकांचा वास अंगवळणी पडतो. पहिली भेट दोघांनीही कधी पाऊल न टाकलेल्या खोलीत झाली. गुळगुळीत फरशीवर पाय घसरू नयेत म्हणून सतरंजी, दोन्ही बाजूंनी उघडा खोका, समोर वाळलं गवत आणि कोथिंबीर, माझ्या हातात जाड मोजे.

थोडा पाठलाग, पाठीवर चढणं हे वरचढ कोण ते ठरवण्यासाठी असतं. लगेच घाबरू नये. शेपट्या वर करून दोघं एकमेकांभोवती गरगर फिरू लागले, तर मात्र क्षणात वेगळं करावं. भेट लहान असावी आणि शांततेत संपावी. एकानं डोकं खाली घालावं आणि दुसऱ्यानं कपाळ चाटावं, ही जमल्याची खूण. कापशीला त्याआधी बरेच आठवडे लागले आणि तेवढे लागू देणं हेच माझं काम होतं.

दोघांना एका टोपलीत घालून गाडीवर फिरवायचं, घाबरले की बिलगतात, असा उपाय काही जण सुचवतात. मला तो मान्य नाही. भीतीनं चिकटलेले ससे घरी येताच पुन्हा भांडू शकतात, आणि ताणानं सशाचं खाणं सुटलं तर अर्ध्या दिवसातच जिवावर बेतू शकतं. नागपूरच्या मे महिन्यात तर ओळखीचा खटाटोप करूच नये. सशाला घाम येत नाही, शरीरातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे टाकतो. पारा तिशीपार गेला की त्याला त्रास सुरू होतो. इथं पारा पंचेचाळिशी गाठतो. हे काम हिवाळ्यातलं.

‘एवढ्याशा सशाचं ऑपरेशन कशाला?’ असं विचारलं जातं. भूल देण्यात जोखीम आहे, म्हणून सशांचा अनुभव असलेलाच डॉक्टर हवा. पण नसबंदी न झालेल्या मादीला वाढत्या वयात गर्भाशयाच्या कर्करोगाचा मोठा धोका असतो, हेही तितकंच खरं.

राज्याच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय नागपुरात आहे, पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. त्यांनी सशांच्या नसबंदीसाठी परवडणाऱ्या दरात ठरावीक दिवस ठेवावा. २०१८ च्या नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानांना राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे. तिची तपासणी व्हावी. नर-मादी वेगळे ठेवणं आणि नसबंदीची माहिती गिऱ्हाइकाला लेखी देणं हेही दुकानांवर बंधनकारक करावं.

आई-वडिलांना एवढंच सांगणं आहे. नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षं जगतो. आधी नसबंदी करणारा डॉक्टर शोधा, हिवाळ्यापर्यंत थांबा, मगच दुसरा ससा घरी आणा. एवढं जमणार नसेल, तर या सुट्यांत ससा आणूच नका.