रुजवात

मंगळवारी रात्री अकरा वाजून गेल्यावर भाचीचा फोन आला. प्रवेश परीक्षेच्या अर्जाची मुदत बाराला संपत होती, शुल्क खात्यातून गेलं होतं आणि अर्जाचं पान लाल अक्षरांत काहीतरी सांगून तिथेच अडकलं होतं. ‘आत्या, फोटो पाठवलाय, बघ ना काय म्हणतंय.’ बघितला. लॅपटॉपचा पडदा तिरका, मधोमध ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा, आणि जिच्यासाठी हा खटाटोप ती ओळ नेमकी त्या पट्ट्याखाली. दुसरा काढ म्हणेपर्यंत तिने घाबरून पान पुन्हा उघडलं होतं. लाल ओळ गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी मदत केंद्राचं उत्तर आलं: स्पष्ट स्क्रीनशॉट जोडा.

मला या फोटोंचा राग येतो. गेल्या वर्षभरात माझ्या फोनवर सोसायटीचा जमाखर्च असाच आला, धाकट्या जावेच्या रक्ततपासणीचा अहवाल असाच आला, गावाकडच्या सातबाराचं पानही असंच आलं. पडद्याच्या ठिपक्यांची जाळी आणि कॅमेऱ्याच्या ठिपक्यांची जाळी एकमेकींवर पडते आणि पानभर इंद्रधनुषी लाटा उमटतात. व्हॉट्सॲप तो फोटो आणखी दाबून लहान करतं. मग तीनाचा आठ होतो आणि अनुस्वार पुसले जातात. अहवालातला हिमोग्लोबिनचा आकडा ताडून पाहायला मला जावेला तीनदा फोन करावा लागला होता. ज्या यंत्राच्या पडद्यावर तो आकडा लख्ख दिसत होता, त्याच यंत्रात तो जसाच्या तसा टिपून घ्यायची सोय आहे. ती फुकट आहे आणि वेगळं काही बसवावंही लागत नाही. भाचीच्या संगणकाच्या वहीत सीपीयूची रंगवलेली आकृती आहे, इनपुट-आउटपुटच्या व्याख्या आहेत. हे एक बटण मात्र तिला कुणी दाबून दाखवलेलं नाही.

तर एकदाचं सांगते, कापून ठेवा. विंडोजवर ‘विंडोज’ आणि ‘प्रिंट स्क्रीन’ ही बटणं एकत्र दाबली की पडदा क्षणभर अंधारतो आणि अख्ख्या पडद्याचं चित्र ‘पिक्चर्स’मधल्या ‘स्क्रीनशॉट्स’ फोल्डरमध्ये जाऊन बसतं. काही लॅपटॉपवर जोडीला ‘एफएन’ लागतं. ‘विंडोज’, ‘शिफ्ट’ आणि ‘एस’ दाबलं तर हवा तेवढाच चौकोन माउसने ओढून घेता येतो. ‘आल्ट’सोबत ‘प्रिंट स्क्रीन’ दाबलं तर समोरची एकच खिडकी उचलली जाते, पण ती फक्त क्लिपबोर्डवर जाते. मेलमध्ये किंवा वर्डमध्ये ‘कंट्रोल’ आणि ‘व्ही’ दाबून चिकटवली तरच ती हाती लागते. नुसतं ‘प्रिंट स्क्रीन’ दाबून काहीच झालेलं न दिसल्यामुळे कित्येकांनी ते बटण बिघडलंय असं मानून सोडून दिलंय. मॅकवर ‘कमांड’, ‘शिफ्ट’ आणि ३ म्हणजे पूर्ण पडदा, ४ म्हणजे निवडलेला भाग. २०१८ पासून ५ दाबलं की सगळे पर्याय एका पट्टीवर येतात. बटणाचं नाव ‘प्रिंट’ का, असं भाचीने विचारलं. १९८१ च्या आयबीएम पीसीवर ते ‘शिफ्ट’सोबत दाबलं की पडद्यावरची अक्षरं खरोखरच जोडलेल्या प्रिंटरवर कागदावर उतरत. कागद गेला, नाव राहिलं.

हे सगळं मी बुधवारी संध्याकाळी आमच्या नानांना सांगत होते.  नाना नोकरीला कोर्टाच्या नक्कल विभागात होते. लोकांनी अर्ज करायचा, शुल्क भरायचं आणि निकालाची, जबाबाची, हुकमाची नक्कल घेऊन जायची. सुरुवातीची काही वर्षं त्यांनी ती हाताने उतरवली, मग टंकलेखन यंत्रावर.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात हयातीचा दाखला भरताना नानांच्या पडद्यावर असाच लाल मजकूर आला होता. घरी कुणी नव्हतं. त्यांनी लिफाफ्याच्या पाठीमागे तो उतरवून घेतला. इंग्रजी अक्षरं, त्यातली मोठी मोठी आणि लहान लहान, एका शब्दाचं चुकलेलं स्पेलिंगसुद्धा तसंच. वरच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ, खाली संकेतस्थळाचा पत्ता. बँकेतल्या मुलीने तो लिफाफा वाचला आणि पेन्शनच्या क्रमांकातला एक आकडा राहिलाय हे तिथल्या तिथे सांगितलं. मी तो लिफाफा पाहिला आहे. माझ्या फोनमधल्या एकाही फोटोत एवढं स्वच्छ काही नाही.

चुकलेलं स्पेलिंग तुम्ही दुरुस्त का नाही केलंत, असं मी तेव्हा विचारलं होतं. नाना म्हणाले, ‘ताई, दुरुस्ती करणारा वेगळा. नक्कल म्हणजे मूळ चुकलं असेल तर चुकीसकट. मी सुधारून दिलं असतं तर त्या मुलीला मूळ कळलं कसं असतं?’

म्हणून बुधवारी मी मोठ्या उत्साहाने लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला, चौकोन ओढला आणि त्यांच्या पेन्शनच्या पानावरची रक्कम तेवढी उचलून दाखवली. त्यांनी चष्मा पुसून घेतला.

‘यात वेळ कुठाय?’

वेळ नव्हती. खालच्या कोपऱ्यातलं घड्याळ माझ्या चौकोनाबाहेर राहिलं होतं. पानाचा पत्ताही बाहेरच राहिला होता. ‘मग ही रक्कम कुठली, कधीची, हे मी कसं सांगू?’ त्यांनी जालन्याची आठवण काढली. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तिथे उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर स्वीकारले गेले का, एवढाच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या चित्रीकरणात होतं. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा तो खटला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये त्यात सांगितलं की मूळ उपकरणच हजर केलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतंच. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या नमुन्यात तर त्या फाइलचं हॅश मूल्यही लिहावं लागतं. फाइलमधला एक ठिपका बदलला तरी ही आकडे-अक्षरांची माळ बदलते. हॅश म्हणजे काय हे मी सांगितल्यावर नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘म्हणजे रुजवातच की.’

हा शब्द किती दिवसांनी कानावर आला! जुन्या मिळकतपत्रिकेच्या नकलेखाली पाहा, ‘नक्कल तयार करणार’ आणि ‘रुजवात घेणार’ अशा दोन वेगळ्या सह्यांच्या जागा असतात. ज्याने लिहिलं त्याने ताडून पाहायचं नाही, ते दुसऱ्याने. नानांच्या विभागात एकजण मूळ मोठ्याने वाचायचा आणि दुसरा नकलेवर बोट ठेवून पुढे सरकायचा. नानांचा आवाज खणखणीत म्हणून वाचायचं काम बहुधा त्यांच्याकडे. आधी दोन्ही सह्या, मग ‘खरी नक्कल’चा शिक्का. अनोळखी माणसाच्या शेताच्या बांधासाठी, अनोळखी बाईच्या पोटगीसाठी, दोन माणसं दिवसभर स्वल्पविराम वाचत बसायची. इतकी काळजी मी माझ्या स्वतःच्या कागदांचीही घेतलेली नाही, आणि हे मला बुधवारपासून डाचतंय.

नानांचा पुढचा प्रश्न होता: ‘आणि तू कापून टाकलंस ते कुठे गेलं?’ खाते क्रमांक झाकायला आपण चित्र कापतो, पण २०२३ च्या मार्चमध्ये उघडकीला आलं होतं की विंडोजच्या याच साधनाने कापलेलं चित्र त्याच फाइलवर जतन केलं तर कापलेल्या भागाचे अवशेष फाइलच्या शेपटाशी राहत होते आणि जाणकाराला ते परत जोडता येत होते. मायक्रोसॉफ्टने ते अद्ययावत करून निस्तरलं. नानांना नवल वाटलं नाही. खाडाखोड केलेला कागद उजेडासमोर धरला की खालचं अक्षर दिसतं, हे त्यांनी पाहिलेलं होतं.

मग त्यांनी स्वतः पूर्ण पडद्याचं चित्र घेतलं. दोन बटणं, दोन बोटं, पडदा अंधारला तसे ते किंचित मागे सरकले. फोल्डर उघडून ते चित्र आम्ही माझ्या फोनवर घेतलं. मला वाटलं झालं. मी लॅपटॉप मिटायला हात पुढे केला, तर त्यांनी थांबवलं. मूळ पान माझ्याकडे वळवलं, फोन स्वतःपुढे ठेवला आणि पहिल्या ओळीखाली बोट धरलं.

‘वाच.’

मी वाचायला लागले. नाव, क्रमांक, महिना, रक्कम.

‘रकमेनंतर पूर्णविराम आहे का?’

‘आहे.’

‘इथेही आहे. पुढे.’