अक्षरं चालू ठेवा

आईला कानाचं मशीन बसवून आणलं त्या दिवशी घरात पाऊल टाकल्या टाकल्या तिने विचारलं, "हे कसलं खरखरतंय?" बाबा पेपर वाचत बसले होते. ते पान उलटायचे आणि तिला तो आवाज टोचायचा. दहा-बारा वर्षांनी पेपरचा आवाज कानावर पडला होता आणि तो तिला ओळखू येत नव्हता. मग कुकरची शिट्टी, मग प्लॅस्टिकची पिशवी, मग मोरीतली भांडी. सगळं एकदम आणि सगळं सारख्याच जोराने. संध्याकाळी तिने मशीन काढून डबीत ठेवलं आणि म्हणाली, "आता जरा बरं वाटतंय." आम्ही सगळेच हिरमुसलो. एवढा खर्च करून आणलेली वस्तू हिला नकोशी का व्हावी, ते कळेना. मी तर तिला बोललेसुद्धा.

माझी चूक मला एका सिनेमाने दाखवली. 'साउंड ऑफ मेटल' हा 2019 सालचा अमेरिकन सिनेमा आम्ही दोघींनी घरी टीव्हीवर पाहिला. दिग्दर्शक डॅरियस मार्डर. रिझ अहमदने रूबेन नावाच्या ड्रमरचं काम केलंय. त्याला अचानक ऐकू येईनासं होतं. सुरुवातीला एक सकाळ दाखवलीय. रूबेन त्याच्या गाडीतल्या घरात उठतो, मिक्सर फिरवतो, कॉफी करतो. कॉफीचा थेंब न् थेंब आपल्याला ऐकू येतो. थोड्या वेळाने पुन्हा तशीच सकाळ, तोच मिक्सर, तीच कॉफी. पण आता आवाज खोल विहिरीतून आल्यासारखे. कुणी काही समजावून सांगत नाही. मिक्सर फिरताना दिसतो, आपण त्या आवाजाची वाट बघतो आणि तो येत नाही.

या सिनेमाच्या आवाजाचं काम निकोला बेकर यांचं. शरीराच्या आतले आवाज टिपणारे मायक्रोफोन वापरून त्यांनी श्वास, हृदयाचे ठोके, अंगाच्या हालचाली ध्वनिमुद्रित केल्या. त्यामुळे रूबेनच्या कानांनी ऐकताना आपल्याला कोरी शांतता मिळत नाही. एक घुमणारा, दबका, शरीरातून येणारा आवाज मिळतो. कॅमेरा त्याच्यापासून लांब गेला की जग पुन्हा नेहमीसारखं वाजू लागतं, जवळ आला की बुजतं. ही ये-जा सबंध सिनेमाभर चालते. 2021 साली या सिनेमाला ध्वनी आणि संकलन अशी दोन ऑस्कर मिळाली, ती याच कामासाठी.

शेवटाकडे रूबेन शस्त्रक्रिया करून कॉक्लिअर इम्प्लांट बसवून घेतो आणि पॅरिसमध्ये एका घरगुती समारंभाला जातो. पाहुणे बोलताहेत, हसताहेत, कुणी गातंय. त्याला ऐकू येतो तो पत्र्यासारखा, तुटका, एकात एक मिसळलेला गोंगाट. त्या प्रसंगात आईने माझं मनगट धरलं. "मंगल कार्यालयात मला अस्संच ऐकू येतं," ती म्हणाली. तिचं मशीन साधं, कानात घालायचं. इम्प्लांट ही वेगळी गोष्ट. दोन्ही एक नव्हेत, हे मला ठाऊक आहे. पण इतक्या वर्षांत आपल्याला काय ऐकू येतं, हे सांगायला तिच्याकडे शब्द नव्हते आणि मी कधी विचारलंही नव्हतं. एका परक्या देशातल्या सिनेमाने ते तीन मिनिटांत माझ्या कानात घातलं. सिनेमात पुढे रूबेन बाकावर बसतो, चर्चच्या घंटा कर्कश वाजत असतात, तो कानांवरची यंत्रं काढतो आणि सगळं शांत होतं. मशीन डबीत ठेवणारी आई मला त्या दिवशी समजली.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की ऐकू न येण्यावरचा किंवा न दिसण्यावरचा सिनेमा बघताना नुसती गोष्ट बघू नका. या क्षणी आपण कुणाच्या कानांनी ऐकतोय, कुणाच्या डोळ्यांनी बघतोय, तेही बघा. गोष्ट आपल्याला रडवते, आणि रडून झालं की आपण मोकळे होतो. आवाज आणि कॅमेरा मात्र आपल्याला थोडा वेळ दुसऱ्याच्या जागी बसवतात, आणि तिथून उठल्यावर घरातल्या माणसाशी आपण वेगळं वागतो. निदान मी तरी वागले.

याची दुसरी रीत आपल्याकडेच पन्नास वर्षांपूर्वी गुलजारांनी वापरली. 'कोशिश' 1972 चा. संजीव कुमार आणि जया भादुरी यांनी त्यात मूकबधिर नवरा-बायकोची कामं केली. इथे आवाज बंद होत नाही. उलट आपल्याला सगळं ऐकू येतं, त्या दोघांना येत नाही. त्यांचं पहिलं मूल रडतंय, आपण ऐकतोय, आणि आईबापांना पत्ता नाही. खुर्चीतून उठून त्यांना हलवावंसं वाटतं. दुसऱ्या मुलाच्या वेळी दोघं त्याच्या कानाशी खुळखुळा वाजवून बघतात. बाळ वळत नाही. यालाही ऐकू येत नाही, या धास्तीने ती डॉक्टरकडे धावतात. तिथे कळतं की खुळखुळ्यात दाणेच नाहीत, तो वाजतच नव्हता. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना खुळखुळा मुका आहे हे कसं कळावं? एका खेळण्याने गुलजार जे सांगून जातात, त्यावर भाषण लिहायला घेतलं तर पानं भरतील.

'कोडा' या 2021 च्या सिनेमात दोन्ही रीती एकत्र येतात. मुलगी शाळेच्या मंचावर गात असते, आपण ऐकत असतो, आणि मध्येच आवाज जातो. कर्णबधिर वडील प्रेक्षकांत बसलेत. आता आपणही त्यांच्याबरोबर आजूबाजूचे चेहरे बघू लागतो. कुणी डोळे पुसतंय, कुणी हसतंय. मुलगी चांगली गाते, हे वडील लोकांच्या चेहऱ्यांवर वाचतात. ते काम करणारे ट्रॉय कॉट्सर स्वतः कर्णबधिर आहेत. त्यांना या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं.

अंधत्वाची गोष्ट सांगणं सिनेमाला याहून अवघड. मुळात माध्यमच डोळ्यांचं. त्यामुळे पडदा काळा करायचा, चित्र धूसर करायचं, हे सोपे मार्ग निघतात आणि त्यातून भीती तेवढी पोचते. चार्ली चॅप्लिनला यापेक्षा चांगलं सुचलं होतं, तेही मूकपटात. 'सिटी लाइट्स' 1931 चा. पोलिसाला चुकवायला चॅप्लिनचा भटक्या एका उभ्या मोटारीत एका बाजूने शिरतो, दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो आणि दार लावतो. आंधळी फुलवाली दाराचा आवाज ऐकते आणि हा कुणी श्रीमंत माणूस आहे, असं समजते. पडद्यावर आवाज नाहीच. आपल्याला फक्त तिची मान वळलेली दिसते. एवढी एक भेट मनासारखी जमेपर्यंत चॅप्लिनने 342 टेक घेतले. अंध माणूस आवाजावरून समोरच्या माणसाचं सबंध चित्र उभं करतो, हे त्याला दाखवायचं होतं. आणि शेवटी, दृष्टी आल्यावर, ती भटक्याला ओळखते ती हाताच्या स्पर्शाने.

माजिद मजिदी या इराणी दिग्दर्शकाच्या 'द कलर ऑफ पॅरडाइज' (1999) मध्ये छोटा मोहम्मद घरट्यातून पडलेल्या पिल्लाची चिवचिव ऐकून पाचोळा चाचपत जातो, ते उचलतो, झाडावर चढून पुन्हा घरट्यात ठेवतो. कॅमेरा त्याच्या बोटांपाशी रेंगाळतो. हे काम करणारा मुलगा खरोखरच अंध होता. पुढे मोहम्मद ओढ्यातले गोटे ब्रेल वाचावं तसे बोटांनी वाचतो. हे प्रसंग घरातल्या मुलांना आवर्जून दाखवा.

सर्वांत जास्त मला शिकवलं ते 'नोट्स ऑन ब्लाइंडनेस' (2016) या माहितीपटाने. जॉन हल हे बर्मिंगहॅम विद्यापीठात शिकवत. त्यांची दृष्टी गेली तेव्हा ते आपले अनुभव कॅसेटवर बोलून ठेवू लागले. सिनेमात आवाज त्यांचाच आहे आणि नट त्या आवाजाबरोबर ओठ हलवतात. त्यात पावसाचा एक प्रसंग आहे. ते दार उघडतात, बाहेर पाऊस पडत असतो, आणि त्यांच्या ध्यानात येतं की पावसामुळे बाग ऐकू येतेय. पाऊस हिरवळीवर वेगळा वाजतो, कुंपणावर वेगळा, पायवाटेवर वेगळा. जिथे काहीच नव्हतं तिथे अंतरं तयार होतात, आकार तयार होतात. घरातही असा पाऊस पडला तर खोली कळेल, असं त्यांना वाटतं, आणि सिनेमा खरोखर खोलीत पाऊस पाडतो. टेबलावर, कपबशीवर, खुर्चीवर. पावसाबद्दल आपण मराठी माणसं काय कमी लिहितो? पण पत्र्यावरचा, कौलांवरचा, अळूच्या पानावरचा आणि अंगणातल्या उपड्या बादलीवरचा पाऊस मी डोळे मिटून वेगवेगळा ऐकला तो हा सिनेमा पाहिल्यानंतरच.

आपल्या सई परांजपे यांनी 'स्पर्श' (1980) मध्ये तर कॅमेऱ्याची करामत फारशी केलीच नाही. दिल्लीतल्या अंधशाळेत चित्रीकरण केलं, तिथली मुलं घेतली, आणि नसीरुद्दीन शाह यांच्याकडून अंध मुख्याध्यापकाचं ताठ, थोडं हट्टी काम करवून घेतलं. त्याला मदत नको असते, 'बेचारा' हा शब्द तर मुळीच नको. कीव कशी बोचते हे त्या माणसाच्या आवाजातून कळतं. आपली मदतही अशीच बोचणारी असते. अंध माणसाला रस्ता ओलांडून देताना आपण त्याचं मनगट धरून ओढतो. त्याऐवजी आपलं कोपर पुढे करावं, त्याला धरायचं तर तो धरील.

आता जे मला खरं सांगायचंय ते. हे सगळे सिनेमे आपल्याला त्यांच्या जागी बसवतात, पण ज्यांची जागा आपण घेतली त्यांना थिएटरात जागा आहे का? 2011 च्या जनगणनेत श्रवणाचं अपंगत्व असलेले सुमारे 50 लाख आणि दृष्टीचं असलेलेही सुमारे 50 लाख लोक नोंदले गेले. आमच्या आईने त्या रकान्यात स्वतःला कधीच धरलं नसतं. अशा आया, असे आजोबा घरोघरी आहेत. गेल्या वर्षी तिला एका मराठी सिनेमाला घेऊन गेले. तिकीट काढताना विचारलं, पडद्यावर खाली मराठी अक्षरं येतात का? उत्तर आलं, "इंग्लिश सबटायटल्स आहेत ना, मॅडम." मराठी सिनेमा, मराठी प्रेक्षक, आणि खाली इंग्रजी. आईने मध्यंतरापर्यंत प्रयत्न केला. मग म्हणाली, "तू बघ, मी बाहेर बसते."

कायदा आपल्या बाजूचा आहे, हे माहीत असू द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये दृक्श्राव्य माध्यमांसाठी अक्षरं, सांकेतिक भाषा आणि दृश्यांचं बोलून वर्णन यांची तरतूद आहे. 'पठाण' या हिंदी सिनेमाच्या वेळी, जानेवारी 2023 मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने ओटीटीवर अक्षरं आणि वर्णनाची सोय देण्याचे निर्देश दिले. मार्च 2024 मध्ये माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांसाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. कागदावर हे सगळं आहे. खिडकीवर कुणी विचारत नाही, म्हणून ते कागदावरच राहतं. तुम्ही विचारा. ऐकू येत असलं तरी विचारा. मराठी अक्षरांचा खेळ कधी आहे, वर्णनाची सोय कुठल्या ॲपवर आहे, हे चार जणांनी चार वेळा विचारलं की खिडकीमागच्या माणसाला ते वर विचारावं लागतं.

मराठी निर्मात्यांनाही एक विनंती. नुसते संवाद लिहून भागत नाही. 'दाराची कडी वाजते', 'शेजारच्या खोलीत कुणीतरी रडतंय', हेही अक्षरांत यायला हवं. नाहीतर पडद्यावरचा माणूस एकदम का दचकला, हे आईला कळत नाही. 'साउंड ऑफ मेटल' अमेरिकेत पडद्यावर छापलेल्या अक्षरांसहच दाखवला गेला. त्याने कुणाची मजा गेली नाही.

घरी, सोसायटीच्या गच्चीवर, गणपतीतल्या पडद्यासमोर कुणी अंध शेजारी बसला असेल, तर त्याला विचारा, "सांगत जाऊ का?" हो म्हणाला तर दोन संवादांच्या मधल्या जागेत बोला, थोडकं बोला, आणि जे दिसतं ते सांगा. 'तिला फार वाईट वाटलं' असं सांगू नका. 'तिने पत्राची घडी घातली, उशीखाली ठेवली' एवढं सांगा. वाईट वाटलं हे त्याचं त्याला कळतं.

एरवीही एखादा सिनेमा पाच मिनिटं आवाज बंद करून बघा, पाच मिनिटं डोळे मिटून ऐका. तेवढ्याने सगळं कळलं असं मात्र समजू नका. पाच मिनिटांनी आपण डोळे उघडतो.

आमच्या घरी आता टीव्हीवर अक्षरं कायम चालू असतात. सुरुवातीला बाबांची कुरकुर होती, डोळ्यांपुढे येतात म्हणून. आता चुकून बंद झाली तर तेच रिमोट शोधतात. तुमच्या घरात कुणी आवाज वाढवून वाढवून टीव्ही बघत असेल, तर त्याला रागावण्याआधी सेटिंगमध्ये जा आणि अक्षरं लावा. मराठीत मिळत असतील तर मराठीत. नसतील तर ज्यांचा कार्यक्रम आहे त्यांना आज रात्रीच तसं कळवा.