मुलीची गोष्ट अर्धी राहूं नये

शाळेच्या ग्रंथालयांतून आपल्या कन्येनें आणलेलें एक इंग्रजी पुस्तक घेऊन एक पालक मध्यंतरीं आमच्याकडे आले. मुखपृष्ठावर पंख पसरलेला ड्रॅगन होता. "असल्या जादूटोण्याच्या गोष्टींनीं मुलीच्या डोक्यांत काय भरेल?" असें त्यांनीं विचारिलें. प्रश्न रास्त होता. तो पुष्कळांच्या मनांत असेल, म्हणून त्याचें उत्तर येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तें पुस्तक उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेच्या 'अर्थसी' मालेंतील होतें. १९६८ पासून २००१ पर्यंत या मालेचीं सहा पुस्तकें निघालीं. बेटांचें एक कल्पित जग, आणि त्यांत मांत्रिक व ड्रॅगन. ड्रॅगन म्हणजे काय, असें लहान विद्यार्थी विचारतील. मराठी पवित्र शास्त्रांत प्रकटीकरणाच्या पुस्तकीं या प्राण्यास 'अजगर' म्हटलें आहे. मात्र या गोष्टींतला अजगर उडतो, अग्नि ओकतो आणि माणसांशीं बोलतो.

मालेंतील दुसरें पुस्तक, 'द टूम्ब्स ऑफ अटुआन', १९७१ सालचें. त्याची नायिका टेनार. ती अगदीं लहान असतांना देवस्थानाचीं माणसें तिला आईबापांपासून नेतात, तिचें नांव काढून घेतात आणि तिला 'आर्हा', म्हणजे 'गिळलेली', म्हणूं लागतात. जमिनीखालच्या भुयारांची ती स्वामिनी होते. तेथें दिवा नेण्यास सक्त बंदी. एकदां त्या अंधारांत तिला उजेड दिसतो. कोणी परका आंत शिरला आहे! तो कोण, कशासाठीं आला, त्यास मारावें कीं वांचवावें, हें कोडें त्या मुलीस स्वतःच सोडवावें लागतें. शेवटीं तिला आपलें नांव परत मिळतें आणि ती भुयाराबाहेर पडते. पुढें १९९० सालच्या 'टेहानू'मध्यें हीच टेनार प्रौढ विधवा होऊन भेटते, आणि आगींत भाजलेल्या एका अनाथवत् पोरीस पोटाशीं धरते. नायिका वयानें वाढली, तशीच शहाणपणानें व दयेनेंही वाढली.

आतां जादूविषयीं. आमच्या राज्यांत २०१३ सालीं जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो योग्यच झाला. परंतु भोंदूची जादू आणि गोष्टींतली जादू एक नव्हे. भोंदू म्हणतो, "विचारूं नकोस, विश्वास ठेव." या गोष्टींतल्या मांत्रिकास मात्र प्रत्येक वस्तूचें खरें नांव वर्षानुवर्षें अभ्यास करून शिकावें लागतें, आणि आपल्या कृतीचा परिणाम सोसावा लागतो. शिवाय रहस्यकथा वाचणारी मुलगी पानोपानीं "हें कां झालें?" असें विचारीत असते. अशी संवय लागलेली मुलगी भोंदूच्या हातीं सहसा लागत नाहीं.

आमच्या मराठींत काय आहे? बाबा पदमनजींनीं १८५७ सालींच 'यमुनापर्यटन' लिहून यमुनेस प्रवासास नेलें व विधवांचें दुःख तिच्या डोळ्यांनीं आम्हांस दाखविलें. पुढें नाथमाधवांचा 'वीरधवल' आणि भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' आम्हीं आवडीनें वाचिले. पण या दोहोंत साहसाचा मान मुलाकडेच आहे. कंधारचा किल्ला आमच्या नांदेड जिल्ह्यांत, औसा व उदगीर शेजारच्या लातुरांत. त्यांतील एखाद्या भुयारांत कंदील घेऊन उतरणारी मुलगी आमच्या गोष्टींत कां नसावी?

आणि टेनारची गोष्ट आम्हांस परकी तरी कोठें आहे? लग्नांत ताटांतल्या तांदळांवर सुनेचें नवें नांव लिहिण्याची रीत आमच्याच घरांतली. ऊसतोडीस जोडपें लागतें, त्यास 'कोयता' म्हणतात; तो कोयता पुरा व्हावा म्हणून कित्येक पोरींचीं लग्नें अवेळीं उरकलीं जातात. २००६ च्या कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलीच्या विवाहास मनाई आहे. तरी दिवाळीच्या सुटीनंतर वर्गांतलें एखादें बांक रिकामें दिसतें, आणि त्याचें कारण आम्हांस कोणी सांगावें लागत नाहीं. त्या मुलीच्या गोष्टीचें पहिलें पुस्तकही पुरें झालेलें नसतें.

पालकहो, पुस्तकांतला अजगर कोणा मुलीस गिळीत नाहीं. ज्या गोष्टी गिळतात त्या पुस्तकाबाहेर आहेत, आणि त्या आवरणें आपल्या हातीं आहे. कन्येस तें पुस्तक वाचूं द्यावें, रात्रीं तिच्याकडून गोष्ट ऐकावी, आणि तिचें शिक्षण पुरें होईपर्यंत तिला शाळेंत ठेवावें. आमच्या विद्यार्थिनींस एवढेंच सांगणें कीं, औशाच्या किंवा कंधारच्या किल्ल्यांतली ती गोष्ट तुम्हींच लिहा. पुढील वर्षीं या पानांवर ती छापण्यास आम्हांस आनंद वाटेल.