धुरीणाचे कान

गेल्या रविवारीं आमचा पुतण्या ओव्यास घरीं आला होता. महाप्याच्या एका संगणक-कंपनींत तो सहा वर्षें नोकरीस आहे. ओसरीवर सुपारी कातरतां कातरतां त्याचें मन मोकळें झालें. कामें बिघडतात, गिऱ्हाइकें चिडतात, दोन महिने पगार झालेला नाहीं. पण ही गोष्ट वरिष्ठांच्या कानीं घालील तो 'रडतराऊत' ठरतो. "काका, आतां बैठकींत आम्ही सारे नुसत्या माना डोलावतों," असें तो म्हणाला.

आम्हांस हैदराबादच्या 'सत्यम्' कंपनीची आठवण झाली. सुमारें ५३,००० नोकरांच्या या कंपनीचे संस्थापक रामलिंग राजू यांनीं ७ जानेवारी २००९ रोजीं लेखी कबुली दिली कीं, वह्यांत दाखविलेली हजारों कोटींची शिल्लक मुळांत नाहींच. तीनच आठवड्यांपूर्वी मुलांच्या 'मेटास' नांवाच्या दोन कंपन्या विकत घेण्याचा त्यांचा बेत भागधारकांनीं हाणून पाडला होता. 'सत्यम्'चीं इंग्रजी अक्षरें उलटीं वाचलीं म्हणजे 'मेटास' होतें! सरकारनें संचालक मंडळ बरखास्त केलें, एप्रिलमध्यें टेक महिंद्रनें कंपनी घेतली, २०१५ सालीं राजूंस सात वर्षांची शिक्षा झाली. परंतु मधल्या काळांत हजारों निरपराध नोकरांस केवळ मूळ वेतनावर घरीं बसावें लागलें.

आमचाही एक अपराध येथें सांगितला पाहिजे. फळ्यावरील रूप चुकलें असें सांगणाऱ्या विद्यार्थ्यास आम्हीं एकदां बाकावर उभें केलें. पुढें वर्षभर कोणीं चूक दाखविली नाहीं, आणि आम्ही समजलों कीं आमच्या चुकाच संपल्या!

पुतण्यास आम्हीं इतकेंच सुचविलें: अडचण तारीख घालून लेखी कळवावी; भविष्य निर्वाह निधीचें पासबुक दरमहा पाहावें, कारण पगारांतून कापलेली रक्कम पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरणें मालकावर बंधनकारक आहे; आणि दुसरी नोकरी हातीं आल्यावांचून ही सोडूं नये.

इतक्यांत वहिनींनीं विचारलें, "पगार नाहीं, मग घरखर्चाचे पैसे दिलेस कोठून?" तो खालीं पाहूं लागला. मित्राकडून उसने घेतले होते. घरीं बोलला असता तर "लागलेली नोकरी टिकवतां येत नाहीं" हेंच आम्हीं सर्वांनीं ऐकविलें असतें, हें त्यास पक्कें ठाऊक होतें.

त्या रात्रीं आम्हांस बराच वेळ झोंप लागली नाहीं.