चकाकणारी डिस्क

जुनी मोटार घेताना आपण टायरला लाथ मारतो, हॉर्न वाजवतो, डिकी तीनदा आपटून बघतो. ब्रेकची पाळी आली की सोबतचे जाणकार चाकाच्या फटीतून डोकावतात आणि निर्वाळा देतात, "डिस्क आरशासारखी चकाकतेय, काही बघायला नको!" अहो, ती चकाकते ती पॅड घासून घासून! डोकं चकाकतं म्हणून कुणी केसांची तारीफ करतं का?

डिस्क कमीत कमी किती जाड हवी, तो आकडा बहुतेक डिस्कवर कोरलेलाच असतो. नवी २२ मिलिमीटरची असेल, तर साधारण २० ला तिचा निकाल लागतो. म्हणजे सारं आयुष्य २ मिलिमीटरचं! ते नजरेने मोजणाऱ्याला साष्टांग नमस्कार. साधा व्हर्नियर लावला, तर त्याचे जबडे पॅड न पोचलेल्या कडेच्या उंचवट्यावर टेकतात आणि खंगलेली डिस्कही गुटगुटीत ठरते. तिथे मायक्रोमीटरच हवा.

कायद्याचीही तीच तऱ्हा. खासगी मोटार धूर किती सोडते, हे तो पीयूसीच्या निमित्ताने वरचेवर विचारतो. ती थांबते का, याची नियमित तपासणी मात्र पहिली १५ वर्षं नाही!

माझं म्हणणं एवढंच, गाडी नावावर करताना डिस्क मोजा आणि आकडा कागदावर लिहा. खंबाटकीचा घाट उतरताना मागे बायकापोरं बसलेली असतात. पुढच्या एस.टी.ला पीयूसी दाखवून भागत नाही.