जामीनदारावर बसलेली होडी

'त्यात काय आहे?' या तीन शब्दांनी आपल्याकडे जेवढी मोडतोड केली आहे तेवढी भूकंपानेही केली नसेल. भिंतीला खिळा ठोकायचाय? त्यात काय आहे! नळाचा वायसर बदलायचाय? त्यात काय आहे! आणि शिडाची होडी जुन्या ट्रेलरवर बसवायची आहे? त्यात काय आहे, खाली एक गादी टाका, वरून दोरी आवळा आणि चला!

हा लेख या गादी-दोरी पंथाच्या विरुद्ध आहे. पंथ मोठा आहे, हे मला ठाऊक आहे. त्यात माझा मेव्हणा आहे, त्याचे दोन मित्र आहेत, ज्यांच्याकडून ट्रेलर घेतला ते लग्नाच्या जनरेटरवाले आहेत, आणि त्यांच्याकडे चहा घेऊन आलेला पोरगासुद्धा आहे. विरुद्ध बाजूला मी एकटा, बी.कॉम. पण होडीत मी चार आण्यांचा मालक आहे, आणि ज्याचे चार आणे बुडणार असतात त्याला बोलायचा हक्क असतो. किंबहुना बुडण्याआधीच बोलावं लागतं. नंतर तोंडात पाणी जातं.

होडी 'एंटरप्राइज' जातीची. ही जात जॅक होल्ट नावाच्या इंग्रज गृहस्थांनी १९५६ साली 'न्यूज क्रॉनिकल' या वर्तमानपत्रासाठी काढली. लांबी सव्वातेरा फूट, रुंदी सव्वापाच फूट, शीड निळं, माणसं दोन. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये या वर्गाचं सुवर्णपदक पाकिस्तानच्या बायराम आवारी आणि त्यांच्या पत्नी गोश्पी यांनी पटकावलं. नवरा-बायकोने तेरा फुटांत बसून, एकाच दिशेला जायचं ठरवून, पहिलं यावं, यापेक्षा मोठा पराक्रम मला तरी माहीत नाही. आमची होडी प्लायवूडची, वापरलेली, चौघांच्या भागीत मुंबईहून घेतलेली. ती खडकवासल्याला न्यायची. मध्ये घाट. ट्रेलर दोन चाकांचा, पाच-सातशे किलोंचा जनरेटर वाहण्यात ज्याचं तारुण्य गेलं असा.

आता पंथाचा पहिला युक्तिवाद ऐका. "भाऊजी, जी होडी पाण्याच्या लाटा सोसते, ती गादीवर पडून राहायला काय तिला बाळंतपण आलंय?"

याचं उत्तर हिशेबात आहे. सगळ्या सामानासकट होडी एकशेवीस किलोंची धरा. पाण्यावर ती जवळजवळ अडीच चौरस मीटर पसरून बसते. भागाकार केला तर तळाच्या दर चौरस सेंटिमीटरवर पाचेक ग्रॅमचा भार येतो, म्हणजे चमचाभर पाण्याचा. शिवाय पाणी हा असा सज्जन इसम आहे की तुमचा आकार असेल तसा तो स्वतःला वाकवतो. आता हीच होडी ट्रेलरच्या दोन आडव्या चॅनलांवर ठेवा. तिचा तळ सपाट नाही. तो मधे खोल, दोन्हीकडे कोन करत वर चढणारा. तो लोखंडाला टेकतो एवढ्याएवढ्याशा जागी. तळहाताएवढ्या जागेवर साठ किलो आले, तर भार शंभरपटींच्याही वर गेला. आणि हे सगळं सोसायचं कोणी? सहाएक मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडने. आमच्या घरचं मुलाचं अभ्यासाचं टेबल याहून जाड आहे, आणि त्यावर तर अभ्यासाचाही भार पडत नाही.

"म्हणून तर गादी," पंथ म्हणतो. गादी! अहो, कापसाची गादी दाबली की बसते. पहिल्या दहा किलोमीटरांत ती जिथे जड आहे तिथे पापड होते आणि जिथे भार नाही तिथे गुबगुबीत राहते. म्हणजे चॅनल होते तिथेच राहिले, फक्त आता ते दिसत नाहीत. वर ती पाणी धरते. ओली गादी लाकडाला चिकटून आठवडाभर राहिली की लाकूड कुजायला लागतं. गादीचा उपयोग एकच, ठेवणाऱ्याला समाधान मिळतं.

मग खरं कसं असतं? यासाठी विलायतेला जायची गरज नाही. कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्याआधी होड्या वर ओढून शाकारून ठेवतात, तिथे जाऊन बघा. होडीचा खालचा मधला कणा, ज्याला तिथे पठाण म्हणतात, तो ओंडक्यांवर बसलेला असतो. दोन्ही बाजूंना टेकू असतात, पण ते फक्त होडी कलंडू नये म्हणून. वजन सगळं पठाणावर. हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर बघायची तर मुंबईची सुकी गोदी घ्या. ती १७५० साली वाडियांनी बांधली. गोदीतलं पाणी काढलं की जहाज तळाशी मांडलेल्या ठोकळ्यांच्या रांगेवर आपल्या कण्यावर बसतं, आणि भिंतीपासून लावलेले वासे त्याला नुसते उभं धरतात. मुंबईच्या गोदीत १८१७ साली पाण्यात उतरलेलं 'ट्रिंकोमाली' हे सागवानी लढाऊ जहाज आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला संग्रहालय म्हणून उभं आहे. त्याच्या खाली कुणी गादी घातल्याची नोंद नाही.

माझ्या पेशाच्या भाषेत सांगायचं तर कणा हा कर्जदार आहे आणि बाजूचे आधार हे जामीनदार आहेत. कर्ज कर्जदाराने फेडायचं असतं. जामीनदाराने सही करायची, शेजारी उभं राहायचं आणि गरज पडलीच तर एखादा धक्का सोसायचा. ज्या दिवशी सगळे हप्ते जामीनदाराच्या खात्यातून जायला लागतात, त्या दिवशी त्या खात्याचं काय होतं हे मी रोज बघतो. जुन्या ट्रेलरवर होडी नुसती ठेवली की नेमकं हेच होतं. मधे कण्याखाली हवा, आणि सगळं वजन दोन्ही बाजूंच्या नाजूक फळ्यांवर. होडी जामीनदारावर बसते.

म्हणून ट्रेलर होडीसाठी बदलायला हवा, आणि तो बदलणं काही अवघड नाही. फक्त बसून विचार करावा लागतो, आणि पंथाचा आक्षेप मुख्यतः त्यालाच आहे.

आधी ट्रेलरच्या मधोमध, लांबीच्या दिशेने, कण्यासाठी रबरी रोलर बसवायचे, निदान तीन. शेवटचा होडीच्या अगदी मागच्या फळीखाली यायला हवा. जनरेटरचा ट्रेलर आठ फुटांचा आणि होडी सव्वातेरा. मागचे तीन-चार फूट तसेच लोंबकळत ठेवले तर प्रत्येक खड्ड्यात तळ वाकतो, आणि वाकलेला तळ मग पाण्यात सरळ चालत नाही. तेव्हा मधला पाइप मागे वाढवणं आलंच. मग बाजूचे आधार. होडीच्या आत वाकून बोटांच्या पेरांनी ठोकत जायचं. जिथे भदभद आवाज येतो तिथे नुसतं प्लाय आहे, जिथे टणक वाजतं तिथे आत आडवी चौकट आहे. आधार त्या चौकटीखाली द्यायचा. तिथल्या तळाचा आकार पुठ्ठ्यावर उतरवायचा, पुठ्ठ्यावरून लाकडी फळी कापायची, आणि तिच्यावर नायलॉनचं गालिच्याचं कापड लावायचं. सुती किंवा काथ्याचं नको, ते पाणी धरतं. खिळे फळीच्या कडेला, वरच्या अंगाला एकही नको. शेवटी होडी रोलरवर बसवायची आणि बोल्ट फिरवत फळ्या वर आणायच्या. टेकल्या की थांबायचं. हे थांबणं फार महत्त्वाचं. आपल्या माणसाला वाटतं, टेकल्यावर आणखी दोन आटे दिले तर आधार जास्त भक्कम होईल. नाही, होडी कण्यावरून उचलली जाईल, आणि आपण पुन्हा जामीनदारांच्या घरी जप्ती घेऊन पोचू.

पंथाचा दुसरा युक्तिवाद असा, की "ट्रेलर दणकट आहे, सात क्विंटलचा बाप आहे!" बाप आहे, म्हणूनच भीती आहे. त्याच्या कमानीचे पाटे पाच-सातशे किलोंनी लवण्यासाठी केलेले. एकशेवीस किलोंना ते डोळा उघडूनही बघणार नाहीत. खड्डा आला की पाटे ताठ, धक्का सगळा होडीत. जनरेटरला धक्क्याचं काही वाटत नव्हतं, तो स्वतःच दिवसभर थडथडत असे. तेव्हा जाणत्या गॅरेजवाल्याकडून हलके पाटे बसवून घेणं आलं. मजबुती म्हणजे ताठपणा नव्हे, हे आपल्या समाजात सासऱ्यांनाही पटत नाही, तिथे ट्रेलरवाल्यांना कसं पटावं!

तिसरा युक्तिवाद दोरीचा. "आवळून बांधली की हलत नाही." हलत नाही हे खरं. पण घट्ट आवळलेली दोरी होडीला खाली दाबते, म्हणजे आधार चुकीच्या जागी असेल तर दोरी त्या चुकीला जोर देते. रुंद पट्टा घ्यावा, तो आतल्या चौकटीच्या रेषेवरून न्यावा, काठाशी कापडाची घडी ठेवावी. आणि होडीचं नाक पुढच्या खांबावरच्या रबरी खोबणीत अडकवून बांधावं. ब्रेक दाबल्यावर होडीने मोटारीच्या डिकीत डोकावू नये, हा हेतू.

याहून धोक्याची बाब तोलाची आहे. जोडावर, म्हणजे मोटारीच्या मागच्या हुकावर, एकूण वजनाचा पाच ते दहा टक्के भार हवा. ट्रेलर आणि होडी मिळून चारशे किलो असतील तर वीस ते चाळीस किलो. घरातला वजनकाटा जोडाखाली ठेवला की कळतं. हा भार कमी पडला, तर वेगात ट्रेलर शेपटासारखा हलायला लागतो आणि शेपूट कुत्र्याला हलवतं. घाटात हा प्रकार झाला तर नुकसान आमच्या होडीपुरतं राहत नाही. मागून स्कूटरवर येणाऱ्या कुटुंबाने आमच्या भागीत चार आणेसुद्धा घातलेले नसतात. 'त्यात काय आहे'चं उत्तर त्यांना द्यावं लागेल.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायदा, १९८८ म्हणतो की मोटार वाहन या शब्दात ट्रेलरही येतो. ज्याला मोटार नाही तेही मोटार वाहन! कायद्याच्या या विनोदबुद्धीला माझा नमस्कार. पण त्याचा अर्थ असा की ट्रेलरला नोंदणी हवी, आणि नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाने परस्पर करू नये, असं कलम ५२ बजावतं. म्हणून आधी आर.टी.ओ.त विचारा, मग वेल्डिंगवाल्याकडे जा. पंथ नेहमी उलट्या क्रमाने जातो आणि मग तिकडे साहेब फार त्रास देतात म्हणून गावभर सांगतो.

धरणावर पोचल्यावर तरी सुटका व्हावी, तर तीही नाही. घाट चढून आलेल्या ट्रेलरची चाकं तशीच पाण्यात घालण्याची पंथाला घाई. तापलेलं बेअरिंग गार पाण्यात गेलं की आतली हवा आक्रसते आणि पाणी आत ओढलं जातं. ग्रीस बाहेर, गंज आत. शहाणी माणसं होडी एका छोट्या हातगाडीवर बसवतात आणि हातगाडीसकट ट्रेलरवर चढवतात. पाण्यात हातगाडी जाते, ट्रेलर काठावर उभा राहून बघतो.

आणि पाऊस! उघडी होडी म्हणजे पिंप. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद जागेत पंधरा सेंटिमीटर पाणी साठलं की तीनशे लिटर झाले, म्हणजेच तीनशे किलो. एकशेवीस किलोंसाठी दिलेल्या आधारावर एका रात्रीत चारशेवीस. म्हणून तळाची बुचं काढून ठेवायची, नाक थोडं उंच करायचं आणि आच्छादन असं ताणायचं की त्यात तळं होणार नाही.

एवढं सगळं ऐकून मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, होडीचे एवढे लाड? आपण माणसं तर एस.टी.त मागच्या चाकावर बसून जातो."

याच वाक्यावर माझा खरा राग आहे. आपण गैरसोय सोसतो, म्हणून प्रत्येक वस्तूने ती सोसावी, हा कुठला न्याय? माणूस बोंब मारतो, निदान कूस बदलतो. होडी काहीच बोलत नाही. ती तडा आत ठेवते, रंगाखाली झाकून ठेवते, आणि तो दाखवते धरणाच्या मधोमध, वारा भरात असताना, शिडाची दोरी धरून तुमची बारा वर्षांची भाची समोर बसलेली असताना. रस्त्यावरच्या आळसाचा हिशेब पाण्यावर चुकता होतो, आणि तिथे मुदतवाढ नसते.

तेव्हा मंडळी, पुठ्ठा आणा, पेन्सिल आणा, पाना आणा. आणि ती गादी घरी नेऊन माळ्यावर टाका. 'त्यात काय आहे' म्हणणारे पाहुणे मुक्कामाला आले की उपयोगी पडेल.